ॲडव्हान्स भरला, कंपनी बुडाली

२१ सप्टेंबर २०१९, शनिवार. ट्युनिशियातल्या हमामेत या समुद्रकाठच्या गावात 'लेझ ओरांजे' नावाचं हॉटेल आहे. सुट्टी संपवून विमानतळाकडे निघालेल्या ब्रिटिश पाहुण्यांना त्या दिवशी फाटकावरच अडवण्यात आलं. फाटक बंद आणि पुढे रखवालदार उभे. तुमच्या सहल कंपनीकडून, थॉमस कुककडून, आमचं येणं थकलंय, ते तुम्ही भरा आणि मग जा, असं हॉटेलचं म्हणणं. या मंडळींनी सहलीचे सगळे पैसे कंपनीकडे कधीच भरलेले होते. तरीही विमान चुकेल या धास्तीनं काहींनी कार्ड पुढे केलं आणि राहिलेल्या खोलीचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.

सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास थॉमस कुक बंद पडल्याचं लंडनमध्ये जाहीर झालं. १८४१ साली लेस्टरहून लफबरोला एक शिलिंगात दारूबंदीवाल्यांची आगगाडीची सहल नेणाऱ्या माणसाच्या नावाची ही कंपनी १७८ वर्षांची होती आणि तिच्या डोक्यावर १.७ अब्ज पौंडांचं कर्ज होतं. त्या क्षणी जगभरात तिचे सहा लाख ग्राहक सुट्टीवर होते. त्यातले दीड लाख ब्रिटिश.

पुढे जे घडलं ते भारतीय वाचकाला थोडं अविश्वसनीय वाटेल. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं विमानं भाड्यानं घेऊन तयारी केलेलीच होती. 'ऑपरेशन मॅटरहॉर्न' हे त्या मोहिमेचं नाव. दोन आठवड्यांत सातशेहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे १ लाख ४० हजार लोक घरी पोहोचले. परतीच्या तिकिटाचे पैसे कुणी मागितले नाहीत. ज्यांची पॅकेज सहल अजून व्हायची होती, त्यांच्या परताव्याचे अर्ज मग सुरू झाले. त्यापोटी सुमारे ३५ कोटी पौंड वाटले गेले.

हे पैसे आले कुठून, आणि अशी सोय बाकीच्या जगात, विशेषतः आपल्याकडे, का नाही, हा प्रश्न सहलीला निघालेल्या माणसाला सहसा पडत नाही. पडायला हवा, कारण सहलीचा धंदा मुळातच उधारीवर चालतो आणि ती उधारी प्रवाशाकडून घेतलेली असते. मे महिन्यातल्या युरोपसाठी दिवाळीत ॲडव्हान्स घेतला जातो. हॉटेलवाल्याला मात्र पाहुणा गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे मिळतात. मधल्या काळात ग्राहकांची रक्कम कंपनीच्या खात्यात फिरत असते. त्यातून जुनी देणी भागतात, जाहिराती होतात, नव्या शाखा निघतात. आज जिनिव्हात जेवणाऱ्या ग्रुपचं बिल पुढच्या महिन्यात सिंगापूरला जाणाऱ्या ग्रुपच्या ॲडव्हान्समधून चुकतं केलं जातं. याची टोपी त्याला. नवं बुकिंग येत राहील तोवर कुणाला काही कळत नाही. एखादी साथ, एखादं युद्ध, एखादी मंदी आली आणि बुकिंग थांबलं की टोप्या कमी पडतात. हा लबाडीचाच प्रकार असतो असं नाही. प्रामाणिक कंपनीही याच पद्धतीनं चालते, आणि म्हणून तीही याच पद्धतीनं बुडू शकते.

ब्रिटननं हे १५ ऑगस्ट १९७४ रोजी शिकून घेतलं. गुलाबी, नारिंगी, जांभळ्या रंगांची विमानं उडवणारी कोर्ट लाइन ही कंपनी ऐन सुट्टीच्या हंगामात कोसळली आणि तिच्या मालकीची क्लार्कसन्स ही मोठी सहल कंपनीही सोबत गेली. हजारो लोक स्पेनच्या किनाऱ्यावर अडकले. त्याहून जास्त लोकांचे पुढच्या सहलींचे पैसे गेले. हवाई सहल विकणाऱ्यांना परवाना आणि हमी सक्तीची करणारी 'ॲटोल' योजना आदल्याच वर्षी आली होती, पण कोर्ट लाइनच्या खड्ड्यापुढे ती हमी तोकडी पडली. मग १९७५ मध्ये कायदा करून राखीव निधी उभारला गेला आणि त्यासाठी सहल कंपन्यांवर पट्टी बसवली गेली. पन्नास वर्षांत योजनेचं रूप बरंच बदललं, पण गाभा तोच राहिला. विमानप्रवासासह पॅकेज विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला परवाना घ्यावाच लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका न्यासात भरावे लागतात. ग्राहकाला पैसे भरल्यावर प्रमाणपत्र मिळतं. कंपनी बुडाली तर न्यास पैसे परत करतो, आणि माणूस परदेशात असला तर त्याला परत आणतो.

अडीच पौंड म्हणजे अडीच-तीनशे रुपये. ते भरताना प्रवाशाला कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही, अटी वाचाव्या लागत नाहीत, आपली कंपनी भक्कम आहे का हे ताडावं लागत नाही. संरक्षण सहलीला चिकटूनच येतं. या सगळ्या व्यवस्थेतली शहाणपणाची गोष्ट हीच.

तिच्यात भोकंही आहेत. थेट विमान कंपनीकडून नुसतं तिकीट घेतलं तर ॲटोल लागू होत नाही. २ ऑक्टोबर २०१७ रोजी मोनार्क ही विमान कंपनी बंद पडली तेव्हा बाहेर अडकलेल्या बहुतेकांकडे असं सुटं तिकीटच होतं. सरकारनं तरीही सुमारे ८५ हजार लोकांना परत आणलं आणि सुमारे सहा कोटी पौंड खर्च केले. लोकलाजेस्तव, असंच म्हणायला हवं. ज्यांनी संरक्षणाची पट्टी भरली त्यांना जे मिळालं तेच न भरणाऱ्यांनाही मिळालं, ही कुरकुर तेव्हा झाली आणि ती रास्त होती. पुढे सरकारनंच नेमलेल्या समितीनं मे २०१९ मध्ये सुचवलं की प्रत्येक विमान प्रवाशामागे पन्नास पेन्सहून कमी पट्टी घेतली तरी हा प्रश्न सुटतो. विमान कंपन्यांना ती कल्पना रुचली नाही. अहवाल फडताळात गेला तो गेलाच.

जर्मनीनं दुसरा रस्ता धरला होता आणि त्याची गोष्ट जास्त बोधक आहे. युरोपीय समुदायानं १९९० साली निर्देश काढला होता की पॅकेज सहल विकणाऱ्यानं आपल्या दिवाळखोरीची हमी द्यावी. सदस्य देशांनी १९९२ अखेर तसे कायदे करायचे होते. जर्मनीनं वेळ काढला. १९९३ मध्ये तिथल्या सहल कंपन्या बुडाल्या आणि पोळलेल्या ग्राहकांनी थेट सरकारलाच न्यायालयात खेचलं. युरोपीय न्यायालयानं ८ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला की कायदा वेळेत न केल्याबद्दल भरपाई देणं सरकारवर बंधनकारक आहे. सरकारी दिरंगाईची किंमत नागरिकाला सरकारकडून वसूल करता येते, हे युरोपात पक्कं करणाऱ्या निकालांत या सहलींच्या खटल्याचाही वाटा आहे.

एव्हाना जर्मनीत कायदा झाला होता आणि तो विम्यावर उभा होता. प्रत्येक कंपनीनं विमा कंपनीकडून हमी घ्यायची, ग्राहकाला हमीपत्र द्यायचं. कागदावर छान. पण विमा कंपनीची एका वर्षातली जबाबदारी ११ कोटी युरोंवर बांधलेली होती. थॉमस कुकची जर्मन शाखा कोसळली तेव्हा दावे याच्या कितीतरी पुढे गेले. झुरिक या विमा कंपनीनं हिशोब मांडून सांगितलं की सध्या दर युरोमागे साडेसतरा सेंट मिळतील. ग्राहकांच्या हातात शिक्क्याचं हमीपत्र होतं, फक्त ते जवळपास एक षष्ठांश किमतीचं निघालं. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की उरलेलं आम्ही भरू. म्हणजे खासगी विम्याचा भार शेवटी करदात्यावर. त्यानंतर २०२१ मध्ये जर्मनीनंही सहल कंपन्यांच्या वर्गणीतून सामायिक निधी उभा केला. ३ जून २०२४ रोजी युरोपातल्या सर्वांत मोठ्या सहल कंपन्यांपैकी एक असलेल्या एफटीआयनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा या निधीची पहिली मोठी कसोटी लागली. पॅकेज घेतलेल्यांना निधीतून पैसे मिळाले, सुटं हॉटेल किंवा सुटी गाडी आरक्षित करणारे मात्र बाहेर राहिले.

ऑस्ट्रेलियानं असलेलं कवच काढून टाकलं. तिथे प्रवासी एजंटांच्या वर्गणीवर चालणारा भरपाई निधी होता. बाजारपेठ मोकळी करण्याच्या भरात तो २०१४ मध्ये गुंडाळण्यात आला. लोक क्रेडिट कार्ड वापरतात, विमा काढतात, निधी कशाला, हा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१९ मध्ये, थॉमस कुकच्या पतनाच्या दोन-तीन दिवस आधी, मेलबर्नची टेम्पो हॉलिडेज बंद पडली आणि तिच्या ग्राहकांना मागण्यासाठी दारच उरलं नाही. ही टेम्पो हॉलिडेज कुणाची? मुंबईच्या कॉक्स अँड किंग्जची.

इथे गोष्ट आपल्या अंगणात येते.

१७५८ साली ब्रिटिश फौजेचा हिशोबनीस-दलाल म्हणून सुरू झालेलं कॉक्स अँड किंग्ज हे नाव महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना 'भारत देखो' आणि परदेशी ग्रुप टूर्समुळे माहीत. जून २०१९ मध्ये कंपनीनं अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची परतफेड चुकवली. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणानं तिच्याविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया दाखल करून घेतली. पुढे सक्तवसुली संचालनालयाची चौकशी, प्रवर्तकाला अटक, हे सगळं झालं. पण दिवाळीच्या, नाताळच्या सहलीचे पैसे भरून बसलेल्या ग्राहकांचं काय? ब्रिटनमधून त्याच नावाच्या शाखेकडे विमानासह पॅकेज घेणाऱ्याच्या डोक्यावर ॲटोलचं छत्र होतं. मुंबईतून घेणाऱ्याच्या हातात फक्त पावती.

त्या पावतीची किंमत कायद्यात किती, हे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत बघायला मिळतं. प्रक्रिया दाखल होताच कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते, म्हणजे ग्राहक आयोगातली तक्रारही तिथेच थांबते. कंपनी विकून पैसे आले तर वाटपाची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी आणि त्यानंतर 'उरलेली देणी'. सहलीचा ग्राहक या शेवटच्या घोळक्यात. घर घेणाऱ्यांनी बिल्डरांविरुद्ध आवाज उठवला तेव्हा २०१८ मध्ये संहिता दुरुस्त करून त्यांना वित्तीय धनकोचा दर्जा देण्यात आला. सहलवाल्यांचे लाख-दोन लाख गेलेले असतात, ते विखुरलेले असतात, आणि काही महिन्यांनी नाद सोडून देतात. त्यांच्यासाठी कुणी कायदा बदलायला बसलेलं नाही.

विमान कंपन्यांची कथा वेगळी नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला, म्हणजे शाळांना सुट्ट्या लागलेल्या असताना, स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबवली. श्रीनगर-लेहची तिकिटं काढून बसलेल्यांना आधी परताव्याचं आश्वासन मिळालं आणि मग दावा दाखल करायला सांगण्यात आलं. नागरी विमान महासंचालनालयाचा परताव्याचा नियम चांगला आहे, पण कंपनी जिवंत असेपर्यंतच. दोन्ही कंपन्या अखेर अवसायनात गेल्या.

आणि तरी भारतातल्या प्रवास व्यवसायात हमीची पद्धत नाही असं कुणी समजू नये. चांगली कडेकोट आहे, फक्त ती प्रवाशासाठी नाही. आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांची संघटना 'आयाटा' एजंटाला तिकीट विकू देते ती बँक गॅरंटी किंवा तत्सम तारण घेऊनच. एजंट बुडाला तर विमान कंपनीचे पैसे बुडू नयेत म्हणून. सरकारचीही व्यवस्था चोख आहे. पॅकेजवर जीएसटी लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस हा आगाऊ कर गोळा केला जातो. हा पुढे आयकरातून वळता होतो हे खरं, पण त्यामुळे परदेशी सहल कोण विकतं, कुणाला, कितीला, याची नोंद सरकारकडे पॅन क्रमांकासह असते. म्हणजे पैसे मोजणारी यंत्रणा तयार आहे. ते सांभाळणारी तेवढी नाही.

एक अपवाद हज यात्रेचा. खासगी हज कंपन्यांकडून सरकार अनामत घेतं, त्यांची छाननी करतं. पण २०२५ मध्ये दिसलं की अनामतही पुरत नाही. भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी ५२,५०७ खासगी कंपन्यांच्या २६ गटांकडे होत्या. मीना इथल्या तंबूंचे आणि निवासाचे करार मुदतीत झाले नाहीत, म्हणून सौदी अरेबियानं बहुतेक जागा काढून घेतल्या. दिल्लीनं रदबदली केल्यावर १० हजार जागा परत मिळाल्या. उरलेल्या ४२ हजारांहून अधिक यात्रेकरूंची त्या वर्षीची हज हुकली.

मग माणसानं स्वतः विमा काढावा, असा सल्ला दिला जातो. युरोपच्या व्हिसासाठी तर तो काढावाच लागतो. पण ती पॉलिसी उघडून 'ट्रिप कॅन्सलेशन' या मथळ्याखालचा मजकूर वाचावा. प्रवासी आजारी पडला, घरात कुणी गेलं, भूकंप झाला, पूर आला, अशी कारणं तिथे असतात. अपवादांच्या यादीत खाली उतरत गेलं की सहल कंपनी, एजंट किंवा विमान कंपनीची दिवाळखोरी हे शब्द बऱ्याच पॉलिसींत भेटतात. म्हणजे विमा आहे तो प्रवाशाला जाता आलं नाही यासाठी. नेणाराच गायब झाला तर सहसा नाही. ब्रिटनमध्ये विमान कंपनीच्या दिवाळखोरीसाठी वेगळं कलम विकत मिळतं. पण कंपनी डळमळते आहे अशी बातमी फुटली की विमावाले त्या कंपनीचं नाव यादीतून काढतात. त्यात त्यांचा दोष नाही, जळत्या घराचा विमा कुणी उतरवत नाही. म्हणून वैयक्तिक पॉलिसी हा या प्रश्नावरचा उपाय होऊ शकत नाही. जर्मनीतल्या मर्यादेनं जे मोठ्या प्रमाणावर दाखवलं, तेच इथे लहान प्रमाणावर आहे.

कार्डाचा आधार थोडा बरा. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ सांगतं की १०० ते ३० हजार पौंडांच्या दरम्यान किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डानं घेतली आणि विकणारा बुडाला, तर कार्ड देणारी बँकही तितकीच जबाबदार. भारतात असं कलम नाही. चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा मार्ग, आहे, पण तो कार्ड नेटवर्कच्या नियमांतून येतो आणि त्याला मुदतीचं बंधन असतं. शिवाय काउंटरवर काय होतं ते मराठी ग्राहकाला ठाऊक आहे: "काका, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील, त्यापेक्षा एनईएफटी करा ना." काका दोन टक्के वाचवतात आणि कार्डाबरोबर येणारं एकमेव कवच सोडून देतात.

बुडण्याच्या जोडीला रद्द होण्याचा प्रश्न आहे, आणि करोनानं तो सगळ्यांना एकदम विचारला. युरोपच्या नियमाप्रमाणे कंपनीनं सहल रद्द केली तर १४ दिवसांत पैसे परत. २०२० च्या वसंतात हा नियम अक्षरशः पाळला असता तर निम्मा धंदा आडवा झाला असता. मग क्रेडिट नोटा निघाल्या. ब्रिटननं शहाणपणा एवढाच केला की अशा नोटांनाही ॲटोलचं संरक्षण असल्याचं जुलै २०२० मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे विमान तिकिटांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२० च्या आदेशानं टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा, आणि अडचणीतल्या कंपन्यांसाठी मार्च २०२१ पर्यंत वापरता येणारं, दरमहा अर्धा-पाऊण टक्का वाढणारं क्रेडिट, असा तोडगा निघाला. आदेश निघाला तरी पैसे लगेच आले असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांच्या मागे लागून वसुली केली. त्यातल्या 'यात्रा'कडे २०२१ मध्ये ३६ हजारांवर बुकिंगचे २६ कोटी २५ लाख रुपये अडकले होते. जून २०२४ मध्येही त्यातले अडीच कोटी द्यायचे बाकी होते. टाळेबंदीला तोवर चार वर्षं उलटून गेली होती. घरगुती सहल कंपन्यांच्या क्रेडिट नोटांचा तर हिशोब कुणीच ठेवला नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, हे मात्र सांगायला हवं. २०१९ च्या कायद्यानं राहत्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १९१५ वर फोन लावता येतो. आश्वासन दिलेलं हॉटेल मिळालं नाही, सहल ऐनवेळी रद्द केली, पैसे अडवून ठेवले, अशा भांडणांत याचा उपयोग होतो. समोरची कंपनी श्वास घेत असायला हवी, ही अट.

कंपनी एका देशात बुडते आणि फटका कुठे बसतो, याचा अनुभव गोव्याला आहे. ब्रिटनच्या थॉमस कुकची चार्टर विमानं हिवाळ्यात थेट दाबोळीला उतरायची. ती कंपनी गेली ती ऑक्टोबरचा हंगाम तोंडावर आला असताना. इंग्लंडमधल्या पर्यटकाला न्यासातून पैसे मिळाले. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांना, टॅक्सीवाल्यांना, शॅकवाल्यांना असा कुठलाच न्यास नव्हता. भारतातली थॉमस कुक ही २०१२ पासून वेगळ्या मालकीची, तिचा या पतनाशी संबंध नव्हता, पण तिलाही ग्राहकांना तसं पुन्हा पुन्हा सांगत बसावं लागलं. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. तो नोंदणी मागतो, गैरव्यवहाराला दंड करतो. बुडालेल्या ॲडव्हान्सबद्दल तो काही बोलत नाही.

ब्रिटन-जर्मनीसारखा सामायिक निधी इथे उभारायचा म्हटलं तर आपल्याकडचे सहलवाले विरोध करतील, आणि त्यांचे सगळेच मुद्दे पोकळ नाहीत. नेटानं धंदा करणाऱ्यानं उडाणटप्पूच्या पापाची वर्गणी का भरावी? पैसे बुडणार नाहीत म्हटल्यावर ग्राहक सर्वांत स्वस्त कंपनीच्या मागे धावेल, आणि तीच सर्वांत आधी बुडेल. नाशिक-पुण्याकडून अष्टविनायक, काशी, चारधामच्या बसगाड्या नेणाऱ्या छोट्या यात्रा कंपनीला परवाने आणि गॅरंट्या झेपणार नाहीत. यातल्या पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तर आहे: ज्याचा ताळेबंद कमजोर त्याच्याकडून जास्त तारण. ब्रिटनमध्ये प्राधिकरण परवाना देताना कंपनीचे हिशोब तपासतं, तसं. तिसरा मुद्दा खरा आहे आणि म्हणून सुरुवात काशीच्या बसपासून करू नये. सुरुवात परदेशी पॅकेजपासून करावी, जिथे रकमा मोठ्या, ॲडव्हान्स लांब मुदतीचे आणि टीसीएसमुळे नोंद आधीच होते. हाँगकाँगमध्ये बरीच वर्षं सहलीच्या पावतीवर पट्टी भरल्याचा शिक्का उमटवला जाई. पट्टी होती किमतीच्या ०.१५ टक्के, आणि एजन्सी बुडाली तर रकमेचे ९० टक्के परत. उरलेले दहा टक्के ग्राहकाच्या माथी, म्हणजे कंपनी निवडताना त्यानंही डोळे उघडे ठेवावेत.

अडीच लाखांच्या युरोप पॅकेजवर ०.१५ टक्के म्हणजे ३७५ रुपये. रोम किंवा पॅरिसच्या हॉटेलात सिटी टॅक्स म्हणून माणशी दोन-तीन रात्रींना याहून जास्त जातात.